वावडं

आठव्या दिवशी नळ येतो आमच्या गल्लीत.
उदगीरच्या घरात पाणी तीनदा जगतं:
तांदळाचं कोथिंबिरीला, कपड्यांचं फरशीला,
फरशीचं संडासात.
आणि मी रात्री दोनला मोरीत बसून
तांब्यामागून तांब्या
अंगावर,
अंगावर कसलं, तिथंच,
ओतत राहायचे.

पत्र्यापलीकडून सासूबाई:
"कोण सांडलालंय गं पाणी?"
मी म्हणायचे, मांजर.
सात वर्षं आमच्या घरात एक मांजर होतं
जे कुणी पाहिलं नाही.

मिरच्या खुडून डोळ्याला हात लागतो ना,
तसं.
पण डोळा दाखवता येतो.
शेजारीण पदराचा बोळा करून फुंकते, शेक देते.
इथं माझ्याजवळ शब्दच दोन,
"खाली" आणि "तसलं".
त्या दोन शब्दांवर किती डॉक्टर फिरले.

जाऊ म्हणाली, उष्णता, सब्जा घे.
स्टँडसमोरच्यांनी वर न बघता लिहिलं, जंतू.
पुढच्या खेपेला तेच जंतू, मोठी ट्यूब.
एका बाईंनी दार लोटून हळूच विचारलं,
नवरा आवडत नाही का तुला?

त्या रात्री मी खरंच विचार केला.
व्यंकट डाळमिलमधून येतो
तेव्हा भुवयांवर तुरीचा पिवळा भुगा असतो,
झोपेत हसतो,
उसवलेल्या पिशवीलासुद्धा "जरा दम धर" म्हणतो.
आवडतो की.
नसता आवडला तर सोपं होतं.

शनिवारी पगार. शनिवारी तो साबण लावून आंघोळ करायचा
आणि त्या वासानं
माझ्या पोटात गोळा यायचा.
रविवारी शिलाई मशीनवर बसवायचं नाही,
उभ्यानं काजं करायची.
गिऱ्हाइकं म्हणायची, ताई, ब्लाऊज कधी?
मग तो गच्चीवर झोपायला लागला.
घराला वाटलं भांडण,
गल्लीला वाटलं दुसरी कुणी.
त्याला काय वाटलं
ते त्यानं सांगितलं नाही, मी विचारलं नाही.

कसल्याशा गोळ्या चालू होत्या, दिवस राहू नयेत म्हणून
महिनाभर पाकीट वापरा म्हणाले.
आशाताईनं दिलं, बघितलं माझ्याकडं:
मूल नाही अन् हे कशाला?
त्या रात्री मी दोनची वाट बघत पडून राहिले.
दोन वाजले.
अडीच.
पिंप काठोकाठ.
मला सवयीनं झोप आली नाही.

लातूरच्या डॉक्टर नसरीन काझी.
सगळ्यांनी विचारलं होतं, कधी होतं?
यांनी विचारलं, कधी होत नाही?
मी सांगितलं. त्यांनी पेन खाली ठेवला.
मग एक नाव लिहिलं, इंग्रजीत, ओळभर लांब.
मराठीत काय म्हणतात?
त्या थांबल्या. "शब्द नाही बहुतेक.
वांग्याचं वावडं असतं ना कुणाला,
तसं तुम्हाला त्यांच्या बीजाचं."

मी म्हणाले, म्हणजे माझ्यात खोट नाही?
"त्यांच्यातही नाही."
मूल?
"होतं. पुण्याला बीज धुऊन मग आत सोडतात.
खर्च आहे."
धुवायला पाणी किती लागतं, मी विचारलं.
माझ्या तोंडून तेच आलं.

परतीच्या एसटीत नळेगावपर्यंत तो गप्प.
मग खिडकीकडं बघत म्हणाला,
"म्हणजे मी वांगं."
मी हसले, आणि पुढच्या सीटवरची बाई वळून बघेपर्यंत
मला कळलं नाही की रडते आहे.

पुण्याचे पैसे जमलेले नाहीत.
शनिवार येतो, अजूनही पोट आधी दचकतं,
मग आठवतं त्याला.
तो गच्चीवरून खाली आलाय, गादीसकट.

परवा भाजी निवडताना सासूबाई म्हणाल्या,
"मांजर दिसंना गं हल्ली."
मी देठं खुडत राहिले.
"माझ्या वेळी बी होतं एक," त्या म्हणाल्या,
आणि उठल्या,
नळाला पाणी आलं होतं.